सिल्व्हरटनहून एम्सला, ओफिर खिंडीतून

उन्हाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडोला येणारे मित्र जीप घेतली रे घेतली की ब्लॅक बेअर खिंडीचं नाव काढतात. मी त्यांना ओफिरकडे वळवतो. ब्लॅक बेअरचा टेल्युराइडकडचा उतार एकेरी आहे, तिथून माघार नाही. ओफिर खिंड ११,७८९ फुटांवर, त्यामानाने सोपी, आणि पलीकडे उतरलं की एम्सचं वीजघर. माझी उभी नोकरी सबस्टेशनात गेली, त्यामुळे माझ्या लेखी ते तीर्थक्षेत्रच आहे.

भाड्याची साधी गाडी इथे आणू नका. सिल्व्हरटन किंवा युरे गावात डोंगरासाठीच्या जीप भाड्याने मिळतात. आदल्या रात्री सिल्व्हरटनला मुक्काम करा, म्हणजे उंचीची थोडी सवय होते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, म्हणून सकाळीच निघा. बर्फ वितळून रस्ता उघडलाय का, तेही आधी विचारा.

हायवे ५५० वर उत्तरेला साधारण ८ किलोमीटर गेलं की डावीकडे फाटा लागतो. चढ सोपा आहे. खरी परीक्षा पलीकडे: फुटक्या दगडांच्या घसरड्या उतारावर कोरलेला, एका गाडीपुरता रस्ता. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा इथला नियम, म्हणजे रिव्हर्स घ्यायची पाळी तुमच्यावर येणार. म्हणून माथ्यावर थांबा, खालून कोणी येतंय का ते नीट न्याहाळा, मगच उतरा. गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा, हळू चालण्याचा गिअर), पहिल्या गिअरला. वेग इंजिनालाच आवरू द्या. ब्रेक दाबून धरलात तर तापून पकड सोडतात. टायरखाली दगड खडखडतात, सरकतात. तेव्हा स्टिअरिंगला झटका देऊ नका. मागे घ्यायची वेळ आली तर एकाने उतरून दरीकडचं चाक बघावं.

ओफिर गावातून सावकाश जा. पुढे हायवे १४५ ओलांडून खाली एम्स. वर १२,००० फुटांच्या आसपास गोल्ड किंग खाण होती. तिथवर कोळसा खेचरांवरून न्यायचा, तो परवडेना. मग १८९१ साली खाणीचा कारभार पाहणाऱ्या एल. एल. नन यांनी इथे पेल्टन चाकावर (पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या चाकावर) पाणी सोडलं आणि वेस्टिंगहाउसच्या यंत्रातून ३,००० व्होल्टची एसी वीज ४ किलोमीटरवरच्या खाणीतल्या १०० अश्वशक्तीच्या मोटरला पोहोचवली. तेव्हाची कमी व्होल्टची डीसी इतक्या लांब न्यायची तर तांब्याच्या जाड तारेचाच खर्च डोईजड झाला असता. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, म्हणजे यानंतर २४ वर्षांनी! आजची इमारत नंतरची आहे, आणि ती रस्त्यावरूनच बघायची.

वेळ उरला तर टेल्युराइडला ब्रायडल व्हेल धबधबा गाठा. ३६५ फुटी कड्याच्या अगदी काठावर स्मगलर-युनियन खाणीसाठी बांधलेलं १९०७ चं वीजघर आहे. खालून पायी चढा. वाटेत जुन्या खाणीचं तोंड दिसलं तर आत पाऊल टाकू नका: लाकडी टेकू कुजलेले असतात, हवा विषारी असू शकते. मुलांना खाणींतून झिरपणाऱ्या नारिंगी पाण्यात खेळू देऊ नका, आणि उंचीमुळे कुणाचं डोकं ठणकू लागलं तर तिथूनच खाली फिरा.