इंदूरला घर बघताना आधी नळाची वेळ विचारा

पुण्या-नाशिकहून, सातारा-सांगलीकडून नोकरीसाठी इंदूरला येणारी मराठी मंडळी घराबद्दल विचारायला आली की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, शाळा किती लांब, आसपास मराठी घरं आहेत का. नळ किती वाजता येतात हे मात्र कुणी विचारत नाही. मग काही महिन्यांनी तीच मंडळी रडगाणं घेऊन येतात: शेजारी उजाडायच्या आत मोटर लावतात, भाभीजी पाइप घेऊन ओटला (घरापुढचा ओटा) धुतात, सगळं पाणी आमच्या दारात, झोपेचं खोबरं.

मी सुदामा नगरात राहते, माहेर साताऱ्याचं. या गल्ल्यांमध्ये केस पांढरे झाले, त्यामुळे थोडं हक्काने सांगते.

इथल्या जुन्या कॉलन्यांमधली घरं म्हणजे पंधरा बाय पन्नास किंवा वीस बाय पन्नासचे प्लॉट, एकाला एक लागून. मधली भिंत दोघांची. शेजारच्या हौदावरची मोटर सुरू झाली की तुमच्या देवघरातली घंटा किणकिणते. पुढे ओटला, ओटल्यापुढे गाडी चढवायचा रॅम्प, रॅम्पपुढे लगेच रस्ता. कंपाउंड, बाग, मोकळी जागा असलं काही मध्ये नाही. त्यामुळे इथे घर गेटपाशी संपत नाही, रस्त्याच्या मध्यापर्यंत जातं. ओटल्यावर भाजी निवडतात, पापड वाळवतात, लग्नं ठरवतात, रात्रीचं जेवण झालं की गप्पांची बैठक तिथेच. म्हणून ओटल्याची स्वच्छता हा इज्जतीचा प्रश्न आहे.

आता पाण्याचं. इंदूर माळव्याच्या पठारावर आणि नर्मदा खाली निमाडात. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून जवळपास 70 किलोमीटर, पंपांनी घाट चढवून हे पाणी आणावं लागतं. त्यापूर्वी शहराची भिस्त यशवंत सागर आणि बिलावली तलावावर होती. नर्मदा इंदूरला आणा म्हणून 1970 मध्ये मोठं आंदोलन झालं आणि 1978 मध्ये पाणी आलं. एवढ्या लांबून, एवढं चढून येणारं पाणी चोवीस तास कुठून मिळणार? बऱ्याच वस्त्यांमध्ये ते एक दिवसाआड आणि ठरलेल्या वेळेलाच येतं. ‘नल आ गए!’ अशी हाक गल्लीत उठली की सगळी गल्ली जागी. मोटरी, बादल्या, ड्रम, सगळं एकदम.

आणि ओटला धुणं नेमकं त्याच वेळी का? नवं पाणी येणार म्हणून भांड्यात, ड्रममध्ये उरलेलं परवाचं पाणी ‘शिळं’ होतं. ते ओतून टाकायचंच, तर ओटल्यावर ओतायचं. ज्यांच्याकडे बोरिंग आहे ते बोरिंगचा पाइप लावतात. आधी खराट्याने कोरडं झाडून घेतात, मग निरम्याची चिमूट टाकून पाणी मारतात, मग वायपरने गेटबाहेर ढकलतात. तो फेस, त्यात कडुलिंबाची पानं, एखादी अगरबत्तीची काडी, असा सगळा लोंढा उताराच्या बाजूला निघतो. उताराला तुमचं घर असेल तर तुमच्या रॅम्पखाली येऊन थांबतो. मार्च महिन्यात कडुलिंब झडतात तेव्हा तर विचारूच नका.

म्हणजे आवाज आणि पाणी ही दोन भांडणं वेगळी नाहीत. दोन्हींचं मूळ नळाच्या वेळेत आहे. म्हणून घर बघायला जायचं तर नळ येतात त्या वेळेला जा, दुपारी मालकाच्या सोयीने नको. नळ किती वाजता येतात, रोज की दिवसाआड, उतार कुणीकडे, हौद मधल्या भिंतीला लागून आहे का, हे बघा. झोपायची खोली हौदाच्या बाजूला असेल आणि नळ पहाटेचे असतील तर भाडं कितीही कमी असो, मी घेणार नाही. नळ संध्याकाळचे असतील तर पुष्कळ कटकटी वाचल्या. आणि कुणी नळाच्या लाइनलाच थेट मोटर लावत असेल तर तो नुसता आवाजाचा प्रश्न नाही. ते नियमबाह्य आहे आणि त्याने पुढच्या घरांचं पाणी तुटतं. तुम्हीही ते करू नका, ‘इथे सगळेच लावतात’ असं कुणी कितीही सांगो.

घर घेतलंय, उताराला आहे, रोज दारात पाणी येतं, आता काय? खिडकीतून ओरडायचं नाही, मालकाला फोन करायचा नाही. घरातल्या पुरुषांना तर मध्ये आणूच नका. दोन पुरुष यावर बोलले की विषय पाण्याचा राहत नाही, ‘आपने कैसे बोल दिया’चा होतो. पाइप ज्या हातात आहे त्या हाताशी बोला, आणि धुणं चालू असताना नाही, संध्याकाळी ती माउली ओटल्यावर निवांत बसलेली असताना. आमच्या समोरच्यांकडे बसून मी एवढंच म्हटलं होतं, ‘भाभीजी, पाइप ज़रा उधर मोड़ लिया करो, हमारी रांगोली बह जाती है।’ रांगोळीचं नाव काढलं आणि त्यांनी जीभ चावली. इथे रांगोळीला, तुळशीला, देवाला मान आहे. ‘मला घाण वाटते’ असं म्हणालात तर समोरची बाई दुखावते, कारण ती तर साफसफाईच करत होती. पुढच्या वेळी नळ आले तेव्हा त्यांनी स्वतःच हाक मारली, ‘आंटी, रांगोली बाद में डालना, मैं अभी धो रही हूँ।’ माझी रांगोळी तेव्हापासून अर्धा तास उशिरा पडते. चालतं.

रॅम्पच्या कडेला सिमेंटची दोन बोटं उंच पट्टी करून घेतली की अर्धं पाणी आपोआप नालीकडे वळतं. मात्र करण्याआधी पलीकडच्या घराला विचारा, नाहीतर तेच पाणी त्यांच्या दारात. नालीची जाळी पानांनी बुजली असेल तर महापालिकेच्या 311 ॲपवर फोटो टाका. ही तक्रार कुणा शेजाऱ्याविरुद्ध नाही, त्यामुळे कुणी दुखावत नाही आणि काम होतं.

सकाळी कचरागाडी येते तीही गाणं वाजवत, चांगल्या खणखणीत आवाजात. त्याबद्दल तक्रार करू नका, कुणी ऐकून घेणार नाही. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर 2017 ते 2023 दरवर्षी पहिलं आलं (2023 चा मान सुरतेबरोबर वाटून घेतला), आणि त्या गाडीचा इंदूरकरांना गर्व आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे, जुन्या वायरी-चार्जर वेगळे, औषधं-रंगाचे डबे वेगळे. गाडीला तसे कप्पेच आहेत. मिसळलेला डबा घेऊन गेलात तर गाडीवरची मुलं परत पाठवतील आणि चार बायका बघत असतील. ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो. 2022 मध्ये सुरू झालेल्या या प्लांटमध्ये दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय आहे. त्यात प्लास्टिकची पिशवी गेली तर पुढे कुणालातरी ती हाताने काढावी लागते. झाडलेला पाला जाळू नका, तोही गाडीतच द्या. इथे शेजारी तुम्हाला स्वच्छतेवरून तोंडावर टोकतील. पुण्याहून आलेल्यांना हे फार लागतं, टोकण्याची सवय आपल्याकडे असते ना!

रात्रीच्या आवाजाचं गणित निराळं. सराफ्यातला खाण्याचा बाजार रात्री फुलतो, हे शहर उशिरा जेवतं आणि उशिरा झोपतं. ओटल्यावरच्या गप्पा अकरा-साडेअकरापर्यंत चालणारच. त्यावर उपाय म्हणजे खिडकी लावून घेणं किंवा जाऊन बसणं. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झाक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे चित्ररथ, रात्रभर निघतात, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक असते. त्या दिवशी शांततेची अपेक्षा ठेवू नका आणि घरी पाहुणे बोलावणार असाल तर रस्ते बंद असतात हे लक्षात ठेवा. नवरात्रात गरबा, मंगळवारी-शनिवारी कुणाकडे सुंदरकांड, लग्नसराईत मॅरेज गार्डनचा डीजे.

डीजे आणि भोंगा मात्र सोडू नका. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. वर्षातले मोजके सणाचे दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. मध्य प्रदेशचा स्वतःचा 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे. दहाच्या आधी बंद करा म्हणायला गेलात तर हसतील, दहानंतर 112 ला फोन केलात तर पोलिसांची गाडी येते. पण आधी एकदा समोर जाऊन सांगा, शक्यतो बोर्डाच्या परीक्षेचं नाव घेऊन. मुलांच्या परीक्षेपुढे इथे भलेभले आवाज कमी करतात.

एक उलट बाजूही सांगायला हवी. आपल्या घरातला पहाटेचा मिक्सर, पाच वाजता कुकरच्या शिट्ट्या, दसऱ्यानंतर गच्चीच्या कठड्यावर गाद्या आपटणं, हे शेजाऱ्यांना ऐकू येतं. ते बोलत नाहीत, कारण तुम्ही नवीन आहात. खाली भाभीजींचे पापड किंवा वड्या वाळत असताना वर गादी आपटलीत तर मात्र बोलतील, आणि बरोबर बोलतील.

दिवाळीच्या पुताईचं (घराच्या रंगकामाचं) तर दोन घरांनी मिळूनच ठरवा. मधली भिंत दोघांची, घासकाम एकाने केलं की पांढरी धूळ दुसऱ्याच्या ओटल्यावर. पुताईवाला एकच बोलावला आणि पाठोपाठ दोन्ही घरं केली तर धूळ एकदाच उडते, धुणं एकदाच होतं आणि भावही थोडा उतरतो. नवरात्र संपायच्या आत त्याला गाठा. नंतर तो धनत्रयोदशीपर्यंत हाताला लागत नाही.