चुकीच्या उत्तरानंतर आपण काय करतो?

नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी लिहितेय. ट्रेनिंगमध्ये "माझं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान" असं काहीतरी सगळ्यांनाच लिहावं लागतं, मीही लिहिलं होतं, ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलं स्वतः ज्ञान रचतात, ड्यूई, वायगॉट्स्की ह्या शिक्षणविचारवंतांची नावं वगैरे, मार्कपण छान मिळाले. आणि पहिल्या वर्षी वर्गात काय केलं तर फळा भरला, उतरवून घ्या म्हटलं, गप्प बसा म्हटलं, थेट माझ्या जुन्या सरांसारखं, आवाजाची पट्टीसुद्धा तीच.

डॅन लॉर्टी ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच हे मांडलंय. शाळा संपेपर्यंत आपण साधारण १३,००० तास शिक्षकांसमोर काढलेले असतात, त्यापुढे ट्रेनिंगचं काय चालणार. त्यात आपण बघतो ते बाकावरून, सर असं का करतायत हे कधी कळलेलंच नसतं, नुसती लकब उचलतो.

माझे डोळे उघडले अपूर्णांकांमुळे. १/२ अधिक १/३ किती, तर एक मुलगा म्हणाला २/५. मी "चूक, दुसरं कोण सांगेल?" करून पुढे. नंतर वही तपासली तर पानभर तेच, म्हणून बोलावून विचारलं, अरे हे आलं कुठून? तर म्हणे, मिस, एका टेस्टला २ पैकी १ मिळाला, दुसरीला ३ पैकी १, मग टोटल ५ पैकी २ च ना? मी गारच! मार्कांची बेरीज आपण खरंच अशी करतो की. मग कागदाची एक पट्टी घेतली, अर्धी रंगवली, तेवढ्याच दुसऱ्या पट्टीचे पाच भाग करून दोन रंगवले, तर तोच म्हणाला, हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे, बेरीज करून कमी कसं झालं? पुढचं शिकवणं सोपं गेलं.

त्यानंतर परवानगी काढून स्वतःचा एक तास फोनवर रेकॉर्ड केला. प्रश्न विचारून मी सेकंदभरही थांबत नव्हते, हात वर करणारी तीच चार मुलं. मेरी बड रो ह्या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ३ सेकंद वर्गात फार लांब वाटतात हां, मी मनात आकडे मोजायचे.

ह्याचा अर्थ समोर उभं राहून सांगणं वाईट असा घेऊ नका. नवीन भाग असेल तर मी अजूनही दोन उदाहरणं फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवते, पोर्शनचं प्रेशरही असतंच.

पण महिन्यातून एक तास रेकॉर्ड करा आणि फक्त चुकीच्या उत्तरानंतर तुम्ही काय बोलता तेवढं ऐका, मग तो ट्रेनिंगमधला निबंध काढून शेजारी ठेवा. स्वतःच्या आवाजाची लाज वाटते, दुसऱ्या वेळी जरा कमी वाटते.