मॉडेल मेकिंग शिकायचंय? आधी स्केल ठरवा, मग सामान आणा

आर्किटेक्चरला नुकतीच ॲडमिशन घेतलेली किंवा थेट मॉडेल मेकिंगमध्येच काम करायचंय म्हणणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सामान काय काय घेऊ? फोमबोर्ड का सनबोर्ड, कटर कुठला, थर्माकोल चालेल का. मी सगळ्यांना सांगते की दुकानात जायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि स्केल ठरवा, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान करायचं ते, १:१०० म्हणजे शंभर पट लहान. बोर्ड किती जाड लागेल, खिडकी कापायची का नुसती रेघ मारायची, झाड कशाचं करायचं, माणूस दाखवायचा का नाही, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. मी आधी आर्किटेक्टच्या ऑफिसमध्ये होते, आता बरीच वर्षं फक्त मॉडेलच करते, बिल्डिंगची पण आणि डोंगर-किल्ल्यांची पण, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

साधारण टाउनशिप किंवा कॅम्पस असेल तर १:५००, एखादी बिल्डिंग १:२०० किंवा १:१००, बंगला १:५०, आणि खोलीच्या आतलं फर्निचर वगैरे दाखवायचं असेल तर १:२०. आता २३० मिमीची विटेची भिंत घ्या. १:१०० ला ती २.३ मिमी होते म्हणजे २ मिमीचा माउंटबोर्ड (जाड, घट्ट पुठ्ठा) चालून जातो, १:५० ला ४.६ होते म्हणून ५ मिमीचा फोमबोर्ड (दोन कागदांच्या मधे फोम), आणि १:२०० ला जेमतेम १.१५, तिथे १ मिमीचा बोर्ड पुरतो. म्हणजे स्केलप्रमाणे जे माप येतं त्याच्या सगळ्यात जवळची जाडी बाजारातून घ्यायची, आणि जिथे जुळत नाही तिथे बाहेरचं माप बरोबर ठेवायचं, फरक आत ढकलायचा.

सगळ्यात जास्त घोळ मजल्यांच्या उंचीत होतो. मजला ३ मीटरचा आहे, १:१०० ला ३० मिमी, मग सगळे ३० मिमीच्या पट्ट्या कापतात आणि त्यावर २ मिमीचा स्लॅब ठेवतात. म्हणजे मजला झाला ३२ मिमीचा. सात मजले चढवेपर्यंत १४ मिमी वाढले, खऱ्या बिल्डिंगच्या हिशोबात १.४ मीटर, आणि मग जिना बसत नाही, एलिव्हेशनची, म्हणजे बिल्डिंगच्या दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगची, प्रिंट लावली तर खिडक्या जुळत नाहीत. भिंत २८ मिमीच कापायची. कोपऱ्यातही तसंच, दोन भिंती काटकोनात एकमेकींना टेकतात तिथे एकीतून बोर्डाची जाडी वजा करायची, नाहीतर ४५ अंशात तिरकं कापून जोडायचं. फोमबोर्डला मला आवडते ती पद्धत म्हणजे आतल्या बाजूने ४५ च्या दोन तिरक्या कापांनी व्ही आकाराची खाच काढायची, बाहेरचा कागद तसाच ठेवायचा, आणि भिंत दुमडायची. कोपरा इतका स्वच्छ येतो की वर काही लावावं लागत नाही.

कापण्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे पण ते बघून आणि करूनच येतं, तरी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा. एक, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट यात कंजूषी नको, प्लॅस्टिकच्या पट्टीची कड ब्लेडने सोलली जाते आणि नंतरची प्रत्येक रेघ वाकडी. दोन, एका दमात आरपार कापायचं नाही, पहिला हात अगदी हलका, नुसती खाच पडेल एवढाच, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला ब्लेड आपोआप त्या खाचेतून जातं. तीन, ब्लेड बदलत रहा. बोथट ब्लेडवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं, बहुतेक बोटं अशीच कापली जातात. तुटलेले तुकडे एखाद्या पत्र्याच्या डबीत टाका, कचऱ्यात सुटे नको, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला लागतात. बारीक कामाला मी ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल वापरते, मेडिकल सप्लायवाल्याकडे मिळतं. खिडक्या भिंत सुटी करायच्या आधी कापा आणि प्रत्येक वेळी कोपऱ्याकडून मध्याकडे या, म्हणजे कोपऱ्याच्या बाहेर काप जात नाही.

गोंदाचं थोडक्यात. कागद, बोर्ड, लाकूड याला फेविकॉल, तेही काडीच्या टोकावर येईल एवढंच, दाबून बाहेर आलं तर ओलं असतानाच पुसा, वाळल्यावर ते चमकतं आणि रंगाखालूनही दिसतं. फेविबॉन्डसारखा सॉल्व्हंटवाला गोंद थर्माकोलला लावला तर थर्माकोल विरघळतं. फेविक्विक ॲक्रेलिकला लावलं तर जोडाभोवती पांढरी वाफ बसते, काच म्हणून लावलेली शीट धुरकट होते. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ॲक्रेलिक क्लोरोफॉर्मने जोडतात, जोड छान येतो पण ते नाकात जाणं चांगलं नाही, खिडक्या उघड्या ठेवा आणि बाटली उघडी सोडू नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, एका बाजूला कागद चिकटवलेला बोर्ड हमखास वाकतो, त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तसाच कागद लावायचा आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवायचं.

आता टेरेन, म्हणजे जमिनीचे चढउतार, माझा सगळ्यात आवडता भाग. तुम्ही लहानपणी दिवाळीत विटा-दगड रचून, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, वर आळीव पेरून किल्ला केला असेल तर अर्धी पद्धत तुम्हाला येतेच आहे. खाली सांगाडा, वर ओलं कापड, त्यावर पातळ थर. स्टुडिओत विटांच्या जागी थर्माकोलचे ठोकळे किंवा जाळी येते आणि गोणपाटाच्या जागी प्लास्टरचं बँडेज येतं, हाड मोडल्यावर घालतात तेच. फरक एवढाच की इथे डोंगर नकाशाप्रमाणे यायला हवा.

उदाहरण म्हणून लोहगड घेते. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आले त्यातला हा एक, आणि शिकायला फार चांगला, कारण आकार लगेच ओळखू येतो. सर्व्हे ऑफ इंडियाचं १:५०,००० चं टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा घ्या, त्यात कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, दर २० मीटरवर असतात. मॉडेल १:४००० ला केलं तर २० मीटर म्हणजे बरोबर ५ मिमी, म्हणजे ५ मिमीच्या फोमबोर्डचा एक थर म्हणजे एक कंटूर. गडाची उंची १०३३ मीटर, तुम्ही ६४० पासून वरचं दाखवायचं ठरवलं तर वीस थर, सगळं मिळून दहा सेंटीमीटरच्या आसपास. टेबलावर ठेवायला एकदम योग्य. पण नकाशा साडेबारा पट मोठा होतो हे विसरू नका, ०.२ मिमीची कंटूरची रेघ अडीच मिमी जाड होते, मग एकदा रेघेच्या आतून आणि एकदा बाहेरून कापलं की उतार कुठे फुगतो कुठे आत जातो. नेहमी रेघेच्या मधोमध.

प्रत्येक थरावर दोन रेघा काढायच्या, एक त्याची स्वतःची, जिच्यावर कापायचं, आणि दुसरी वरच्या थराची, तो कुठे बसवायचा ते कळावं म्हणून. कार्बन पेपर ठेवून पटकन होतं. थर आतून पोकळ ठेवता येतात, मधला कापलेला तुकडा आणखी वरच्या, लहान थराला वापरायचा, बोर्ड वाचतो आणि वजनही कमी होतं, फक्त खाली टेकू द्या.

विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या माचीकडे आलात की थांबा. माची साधारण १५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद सांगतात, १:४००० ला ती साडेसदतीस सेंटीमीटर लांब आणि फक्त साडेसात मिमी रुंद होते. एवढी बारीक पट्टी फोमबोर्डची केली तर कडा चुरगळतात, ती माउंटबोर्डचे तुकडे एकावर एक चिकटवून किंवा बाल्साची (हलक्या, मऊ लाकडाची) करायची, मग तिला धार येते. तटबंदी ६ मीटरची धरली तर दीड मिमी. माणूस अर्ध्या मिमीपेक्षा कमी, म्हणजे नाहीच. आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा अशी जी वळणावळणाची दरवाज्यांची वाट आहे ती या स्केलला नुसती एक नागमोडी खूण उरते. ती नीट दाखवायचीच असेल तर तेवढाच भाग १:२०० ला वेगळा करून शेजारी ठेवा. क्लायंट म्हणतो म्हणून मुख्य मॉडेलवरच दरवाजे मोठे करून बसवले की सगळा डोंगर लहान दिसायला लागतो, यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. व्हिडिओ बघून शिकणारे सगळे थर प्लास्टरने गुळगुळीत करून टाकतात, कारण ते व्हिडिओ बाहेरच्या देशातल्या रेल्वे मॉडेलवाल्यांचे असतात, त्यांच्या टेकड्या गोल. आपला सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झालाय, त्याला मुळातच पायऱ्या आहेत, कडा, मग उतार, मग परत कडा. तेव्हा जिथे कंटूर एकमेकांना चिकटलेत तिथे थर उभे तसेच ठेवायचे, त्यावर वायर ब्रशने आडव्या रेघा ओढायच्या, आणि भरायचं फक्त मधल्या उताराला. भरायला मी कागदाचा लगदा, फेविकॉल आणि खडूची पावडर वापरते, प्लास्टरपेक्षा हलकं आणि तडा जात नाही, वाळायला मात्र वेळ घेतं. प्लास्टर वापरायचं असेल तर पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नको, गुठळ्या होतात, प्रमाण साधारण दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी. २० मीटरच्या कंटूरमध्ये १५ मीटरचा कडा दिसतच नाही कधीकधी, त्यामुळे गडावर जा, समोरच्या विसापूरवरून फोटो काढा, भाजे गावातून काढा. फोटो आणि नकाशा शेजारी ठेवून केलेलं मॉडेल वेगळंच होतं.

रंगाआधी महिना ठरवा. श्रावणातला सह्याद्री आणि एप्रिलमधला सह्याद्री हे दोन वेगळे डोंगर आहेत आणि एकाच मॉडेलवर दोन्ही आले की ते खोटं दिसतं. आधी गडद तपकिरी-काळा, मग पातळ रंगाचे हात, आणि शेवटी ड्राय ब्रश, म्हणजे ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून तो उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. स्केल जितकं लहान तितका रंग फिका ठेवा, लांबून डोंगर फिकाच दिसतो. माती आणायची तर चहाच्या गाळणीतून, मग फडक्यातून चाळा, कारण १:४००० ला १ मिमीचा वाळूचा कण म्हणजे ४ मीटरचा धोंडा. ८ मीटरचं झाड इथे २ मिमी, त्याला रंगवलेला बारीक लाकडाचा भुसा पुरतो. तेच झाड १:२०० ला ४ सेंटीमीटर होतं, तिथे तारा पिळून खोड करा आणि आंबा आंब्यासारखा डेरेदार, बाभूळ बाभळीसारखी दिसू दे. गडाजवळच्या पवना धरणाचं पाणी निळंशार रंगवू नका, गडद हिरवट-करड्यावर व्हार्निशचे पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा.

किल्ल्यांची मॉडेलं हा नुसता छंद आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना पॅरिसच्या अँव्हालिद या जुन्या लष्करी वास्तूतल्या मॉडेलांच्या संग्रहाबद्दल सांगा. १६६८ पासून, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, लुव्हा या त्याच्या युद्धमंत्र्याने तटबंदीच्या शहरांची मॉडेलं करायला घेतली, बहुतेक १:६०० ला, लाकूड, कागद, रेशीम वापरून, आसपासच्या शेतांसकट. लष्करी आखणीसाठी. ते तर लांब राहिलं, पण पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम नक्की बघा आणि गाड्यांपेक्षा जमीन, भिंती, झाडं कशी केलीत ते बघत रहा.

कामाबद्दल. हे काम आर्किटेक्टच्या ऑफिसात मिळतं, सेल्स गॅलरीची मॉडेलं करणाऱ्या स्टुडिओत, म्युझियमच्या प्रदर्शनांसाठी, सेट डिझाइनसाठी. नवीन माणसाला सुरुवातीला बेस, कंपाउंड वॉल आणि झाडं देतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, हात तिथेच बसतो. ऑटोकॅड यायलाच हवं, कारण लेझर कटरला फाइल तुम्हीच देणार. लेझरने भिंती झटपट निघतात पण एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) कड जळून तपकिरी होते, ती घासायची, जोडायची, रंगवायची हातानेच. पोर्टफोलिओसाठी मोठं मॉडेल करत बसू नका, १५ बाय १५ सेंटीमीटरचा एक कोपरा करा, एक जिना, एक खिडकी, थोडी जमीन, पण कड न कड स्वच्छ. फोटो वरून न काढता मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा, आणि अर्धवट असतानाचेही काढा, मला मुलाखतीत तेच जास्त बघायचे असतात. डेडलाइनच्या आठवड्यात रात्री जागायला लागतात हे खरंय, म्हणून काम घेताना तुकडे मोजा, किती खिडक्या, किती झाडं, एका झाडाला किती मिनिटं, मग तारीख सांगा.

आणि बेस ठरवताना मॉडेल जिथे जाणार तिथला दरवाजा आणि लिफ्ट मोजून या. ३ फुटांच्या दरवाज्यातून ४ फुटांचं आडवं मॉडेल जात नाही, आणि डोंगर उभा करून नेता येत नाही. मोठं असेल तर पहिल्यापासूनच दोन भागांत करा, १८ मिमी प्लायचे दोन बेस, खालून नट-बोल्टने जोडलेले, आणि जोड रस्त्यावरून किंवा ओढ्याच्या कडेने काढा, सरळ मधून कापलेला जोड कितीही भरला तरी दिसतो. जोडावरची झाडं साइटवर गेल्यावर लावायची, त्यासाठी भुशाची एक पुडी आणि फेविकॉलची छोटी बाटली बरोबर ठेवा.