टाइप वन मधुमेह: रात्री साखर उतरू नये म्हणून करायची तयारी

दिवसा साखर ७० मिग्रॅ/डेलीच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो आणि माणूस सावध होतो. झोपेत मात्र अ‍ॅड्रिनॅलिनचा हा इशारा मंदावतो व पुष्कळदा जागच येत नाही. त्यामुळे रात्रीचे सगळे निर्णय दिवे मालवण्यापूर्वीच घेऊन ठेवावेत.

पहिली उजळणी संध्याकाळची. त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक खेळणे, पोहणे किंवा गडचढाई झाली असेल, तर स्नायू आपला रिता झालेला साखरेचा साठा रात्रभर भरून घेत राहतात आणि व्यायामानंतर सात ते अकरा तासांनीही साखर उतरू शकते. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळणाऱ्यांनी पहाटेचाच नव्हे, तर सकाळचाही धोका धरून चालावे. अशा दिवशी बेसल इन्सुलिन (दिवसभर संथपणे काम करणारे, जेवणाशी न जोडलेले इन्सुलिन) किती कमी करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मद्य घेतले असल्यास यकृताकडून होणारा साखरेचा पुरवठा मंदावतो, म्हणून त्या रात्री रिकाम्या पोटी झोपू नये व घरातील कोणाला तरी तसे सांगून ठेवावे.

जेवणाची वेळ हा आपल्याकडचा खरा घोळ. झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम तीन ते पाच तास टिकतो. साडेदहाला जेवून साडेअकराला तपासले आणि १६० दिसले, तरी बरेचसे इन्सुलिन अजून कामाला लागायचे असते, तेव्हा त्या आकड्यावर निश्चिंत होऊ नये आणि त्यावर सुधारणेचा डोस (वाढलेली साखर उतरवण्यासाठीचे जादा इन्सुलिन) तर मुळीच चढवू नये. एनपीएच (मध्यम गतीचे इन्सुलिन) किंवा तीस-सत्तर मिश्रण (झटपट व मध्यम गतीच्या इन्सुलिनचे) रात्रीच्या जेवणाआधी घेणाऱ्यांच्या डोसचा जोर नेमका मध्यरात्रीनंतर येतो. सिरिंज वापरणाऱ्यांनी टोपणाचा रंगही पाहावा: लाल टोपण मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी आणि नारिंगी मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर डोस अडीचपट होतो.

उशाशी ग्लुकोमीटर, स्ट्रिप, लॅन्सेट (बोट टोचायची सुई), पाणी, विजेरी आणि ग्लुकोज पावडरच्या १५ ग्रॅमच्या पुड्या मोजून ठेवाव्यात, कारण साखर उतरलेल्या माणसाला अर्ध्या झोपेत चमचे मोजता येत नाहीत. लहान मुलांना वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम पुरते, म्हणजे २० किलोच्या मुलाला सहा ग्रॅम. पेढा किंवा चॉकलेट या कामाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. ग्लुकोज घेतल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढेच परत घ्यावे आणि साखर वर आल्यावर थोडे दूध-बिस्किट किंवा अर्धी पोळी खाऊन झोपावे.

सेन्सर (त्वचेवर लावून सतत साखर मोजणारे उपकरण) असेल तर मोबाइल चार्ज आहे, आवाज चालू आहे आणि इशारा ७० किंवा ८० वर लावला आहे, हे पाहून घ्यावे. शक्य असल्यास घरातील दुसऱ्याच्या मोबाइलवरही तो वाजावा. सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास आकडा खोटा खाली दिसू शकतो, म्हणून बोटातून तपासून खात्री करावी. त्रास जाणवत असेल किंवा तपासणे शक्य नसेल, तर वाट न पाहता ग्लुकोज घ्यावे. सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. ग्लुकोज घेऊनही तो उतरताना दिसला, म्हणून घाबरून अर्धा डबा फस्त करू नये.

ग्लुकागॉन (साखर झटकन वर आणणारे औषध) प्रत्येक औषधदुकानात मिळत नाही, त्यामुळे ते आधीच मागवून, मुदतीची तारीख पाहून ठेवावे व ते कसे द्यायचे हे घरातील किमान दोघांना शिकवावे. इंजेक्शनची मात्रा मोठ्यांना १ मिलिग्रॅम आणि २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ०.५ मिलिग्रॅम असते. माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नये, अगदी साखर-पाणीही नाही. त्याला कुशीवर वळवावे, ग्लुकागॉन द्यावे व १०८ ला फोन करावा.

डोस बदलला असेल, आजारपण किंवा उपवास असेल, तेव्हा पहाटे तीनचा गजर लावून तपासणी करावी आणि आकडा वहीत लिहावा. घामाने भिजलेले कपडे, वाईट स्वप्ने, सकाळची डोकेदुखी यांचीही नोंद असावी. साखर टिकवण्यासाठी रोजच झोपताना खावे लागत असेल, तर बेसलचा डोस जास्त असण्याची शक्यता मोठी. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.