घरगुती इंटरनेटची तुलना करताना या चुका टाळा

इंटरनेट मंद झाले की बहुतेक जण अधिक वेगाची योजना शोधू लागतात. मात्र वेग नेमका कोठे हरवतो हे पाहण्यापूर्वी तुलनेला बसणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण दोष घरातल्या वाय-फायमध्ये असेल, तर दुप्पट वेग घेऊनही मागच्या खोलीतला व्हिडिओ तसाच अडखळत राहतो. म्हणून आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा, इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि स्पीड टेस्ट करावी. केबलवर पूर्ण वेग मिळून वाय-फायवर तो मिळत नसेल, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. २.४ गिगाहर्ट्झचा बँड लांब पोहोचतो, पण तो संथ असतो आणि शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असला, तरी भिंतींपुढे लवकर हात टेकतो. राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे दडवला असेल, तर तो आधी मोकळ्या जागी आणावा.

केबलवरच्या चाचणीतही एक फसगत होते. योजना ३०० एमबीपीएसची (सेकंदाला ३०० मेगाबिटांची) असताना आकडा दर वेळी ९४-९५ च्या आसपासच थांबत असेल, तर संशय जोडणीवर न घेता पोर्टवर किंवा केबलवर घ्यावा. अनेक जुन्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असतात. शिवाय गिगाबिट वेगासाठी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात आणि त्यांतली एक तुटली, तर उपकरणे बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. योजना बदलण्यापेक्षा केबल बदलून पाहणे सोपे, पण ते सुचते मात्र सर्वांत शेवटी.

एककांचा गोंधळ जुनाच आहे. योजनेतला वेग मेगाबिटांत असतो आणि डाउनलोडचा आकडा अनेकदा मेगाबाइटांत दिसतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात, म्हणजे १ गिगाबाइटच्या फाइलला किमान ८० सेकंद लागणारच.

जोडणीचे प्रकार केवळ नावावरून तोलू नयेत. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या डीएसएलचा वेग एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढेल तसा घटतो. त्यातल्या एडीएसएल२+ या प्रकाराची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस असली, तरी काही किलोमीटरांवरच्या घराला त्याचा थोडासाच भाग मिळतो. केबल टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोॲक्सिअल केबलची क्षमता परिसरातल्या घरांत वाटली जाते, म्हणून तिची परीक्षा दुपारी न घेता रात्री नऊच्या सुमारास घ्यावी. फायबरमध्ये असे वाटप नसते हा समज चुकीचा आहे. जीपॉन या फायबरच्या प्रचलित पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटांचा प्रवाह बहुधा ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो, फक्त मूळ क्षमता मोठी असल्यामुळे ते सहसा जाणवत नाही. ‘फायबर’ म्हणून विकलेल्या काही जोडण्यांत काचेचा तंतू रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच येतो आणि पुढचा टप्पा तांब्याचाच असतो. तेव्हा तंतू घरात येतो का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, ज्याला लेटन्सी म्हणतात. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे तेथून संदेश जाऊन येण्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. अशा जोडणीवर चित्रपट सुरळीत दिसतो, पण व्हिडिओ कॉलवर दोघेही एकदमच बोलू लागतात. सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत ही अडचण बरीच कमी होते.

शेवटची चूक अपलोडकडे दुर्लक्ष करण्याची. डीएसएल आणि केबल या प्रकारांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी ठेवलेला असतो, त्यामुळे एकाचा फोन फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की दुसऱ्याची बैठक तुटते आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. बॅकअप चालू असताना पिंग, म्हणजे मिलिसेकंदांत मोजलेली लेटन्सी, मोजावा. तो एरवीच्या कितीतरी पट वाढत असेल, तर राउटरमध्ये डेटा रांगेत पडून राहत आहे असे समजावे आणि राउटरच्या क्यूओएस (कोणत्या डेटाला किती वाट द्यायची हे ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे ९० टक्क्यांवर ठेवून पुन्हा मोजावे.