तेरा पानांचा आकार बोलीतून कसा सांगावा

जून आणि जुलै हे दोन महिने कोकण किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पडव्यापडव्यांत मेंढीकोटाचे डाव रंगतात. या मेंढीकोटातून काँट्रॅक्ट ब्रिज या जोडीजोडीने खेळायच्या पत्त्यांच्या खेळाकडे वळणाऱ्या माणसाला हात मोजणे आणि हुकूम राखणे वेगळे शिकवावे लागत नाही. तो अडखळतो तो बोलीपाशी, म्हणजे कोणत्या हुकमावर किती हात करू हे खेळाआधी पाळीपाळीने म्हणण्यापाशी. मेंढीकोटात हुकमाचे पान पालथे ठेवायचे असते, आणि जोडीदाराला काही कळवायचेच झाले तर ते डोळ्याच्या खुणेने, म्हणजे लबाडीनेच कळवता येते. ब्रिजमध्ये मात्र आपली पाने जोडीदाराला सांगणे हा खेळाचाच अर्धा भाग आहे. ते बोलीतूनच सांगायचे असते, आणि आपण कोणत्या बोलीला कोणता अर्थ ठरवला आहे हे प्रतिस्पर्ध्यांनी विचारले तर त्यांनाही सांगावे लागते.

सांगण्यासाठी मिळणारे शब्द थोडे आहेत. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम या चढत्या क्रमाने सात पातळ्यांवर (एकची पातळी म्हणजे सात हात करण्याची कबुली, सातची म्हणजे तेराही) ३५ बोली होतात. त्यात पास, डबल आणि रिडबल (पैज दुप्पट आणि चौपट करणे) मिळवले की भाषा संपली. उलट तेरा पाने चार रंगांत विभागली जाण्याचे साचे ३९ आहेत, आणि कोणता रंग किती पानांचा हेही धरले तर ही संख्या ५६० होते. एका बोलीत आकार सांगून होत नाही तो यामुळेच. दोन-तीन बोलींत तो टप्प्याटप्प्याने उलगडावा लागतो, आणि प्रत्येक बोलीने आधी न सांगितलेले काहीतरी सांगावे लागते.

पाने लावून झाली की गुण मोजण्याआधी आकार मनात म्हणावा: पाच-चार-तीन-एक, चार-चार-तीन-दोन. शंभर वेळा पाने वाटली तर चार-चार-तीन-दोन हा आकार सुमारे साडेएकवीस वेळा येतो, पाच-तीन-तीन-दोन साडेपंधरा वेळा, आणि चार-तीन-तीन-तीन साडेदहा वेळा. एकही रंग दोनपेक्षा कमी पानांचा नाही आणि दोन पानांचा रंग फार तर एकच, अशा या तीन आकारांना समतोल म्हणतात, आणि जवळजवळ निम्म्या वेळा हातात यांपैकीच एखादा असतो.

पुढील सर्व उदाहरणांत मी आज बऱ्याच ठिकाणी रूढ असलेली पद्धत धरली आहे: इस्पिक किंवा बदाम या मेजर रंगांनी सुरुवात करायची तर त्या रंगाची निदान पाच पाने हवीत, आणि एक बिनहुकूम म्हणजे १५ ते १७ गुणांचा समतोल आकार. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक गुण. (टेबलावर बहुतेक जण ‘वन स्पेड’, ‘वन नो ट्रंप’ असेच बोलतात, लिहिताना मराठी नावे सोयीची पडतात.)

एक बिनहुकूम ही बोली आकार एका झटक्यात सांगते, म्हणून ती करता येत असेल तर टाळू नये. त्यापुढे चौकशी जोडीदाराने करायची: दोन किलवर म्हणून तो चार पानांचा मेजर रंग आहे का असे विचारतो, तर दोन चौकट म्हणून स्वतःकडे पाच बदाम आणि दोन बदाम म्हणून पाच इस्पिक असल्याचे कळवतो. समतोल आकारात गुण १२ ते १४ असतील तर आधी रंग बोलावा आणि दुसऱ्या खेपेस एक बिनहुकूम म्हणावे. सहा-सात पानांचा लांब रंग आणि बाकी दुबळी पाने असतील तर थेट दोनच्या किंवा तीनच्या पातळीवरून सुरुवात करतात. तेथे सांगण्यासारखे आणखी काही उरत नाही.

आकाराचे खरे काम सुरुवात करणाऱ्याच्या दुसऱ्या बोलीत होते, आणि नवशिक्यांच्या चुकाही तिथेच होतात. समजा, तुम्ही एक इस्पिक म्हणालात आणि जोडीदार एक बिनहुकूम म्हणाला. आता दोन बदाम म्हटले तर पाच इस्पिक आणि चार बदाम कळले. पुढे पुन्हा बदामच बोललात तर पाच-पाच कळले. दोन इस्पिक म्हटले तर मात्र अर्थ होतो सहा पाने, कारण पाच तर पहिल्याच बोलीने सांगून झाली होती. एक्का-राजा-राणी पाहून पाच पानांचाच रंग दुसऱ्यांदा बोलण्याचा मोह फार होतो, आणि माझ्या मते जोडीदाराचा विश्वास ज्या एका सवयीने सर्वांत लवकर उडतो ती हीच. चौकट-किलवर या मायनर रंगांत कधी कधी दुसरी सोयीची बोलीच नसल्याने पाच पानांवर रंग पुन्हा बोलावा लागतो. तेवढी सवलत समजून घ्यावी.

दुसरा रंग बोलताना तो पहिल्यापेक्षा खालचा आहे की वरचा, हे पाहावे. एक चौकट, जोडीदाराचे एक इस्पिक, आणि त्यावर तुमचे दोन बदाम, या क्रमात जोडीदाराला तुमच्या चौकटकडे परतायचे झाले तर तीनची पातळी गाठावी लागते. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट चुकली की वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणकडून जावे लागते, तसा हा प्रकार आहे, आणि त्या वळशाचे इंधन तुमच्या हातात हवे. म्हणून या बोलीला, जिला रिव्हर्स म्हणतात, साधारण १७ गुण लागतात, आणि तिच्यातून पहिला रंग दुसऱ्यापेक्षा लांब असल्याचेही कळते. तेरा गुणांवर हाच आकार असेल तर बदाम मनात ठेवावेत.

उत्तर देणाऱ्याने चार पानांचे मेजर रंग खालून वर बोलावेत. एक किलवरवर चार बदाम आणि चार इस्पिक असतील तर एक बदाम म्हणावे, म्हणजे जोडीदाराकडे इस्पिक असतील तर तो ते एकच्याच पातळीवर बोलू शकतो. दोन्ही पाच-पाच असतील तर मात्र इस्पिक आधी. जोडीदाराने एक इस्पिकने सुरुवात केली, तुमच्याकडे चार इस्पिक, गेमपुरते (म्हणजे चार इस्पिकची बोली पेलण्याइतके) गुण आणि किलवरचे एकच पान असेल, तर थेट चार किलवर म्हणण्याची स्प्लिंटर नावाची सोय आहे. जोडीदाराकडे किलवरचे राजा-राणी असतील तर ते वाया जाणार हे ओळखून तो थांबेल, आणि तीन-चार हलकी किलवर असतील तर ती तुमच्या हुकमाने कापली जातील म्हणून वर चढेल.

आता ऐकणाऱ्याची बाजू. जोडीदार एक बदाम म्हणाला, तुम्ही एक इस्पिक, तो दोन किलवर. तुम्ही दोन चौकट म्हणालात. हा उरलेला चौथा रंग असल्याने ती बोली सहसा नुसती विचारणा मानली जाते. त्यावर तो दोन इस्पिक म्हणाला. पाच बदाम, चार किलवर, तीन इस्पिक मिळून बारा झाली. म्हणजे चौकटचे त्याच्याकडे फार तर एक पान आहे, आणि तुमच्या चौकटच्या एक्क्यामागची बारीक पाने त्याच्या इस्पिकांनी कापता येतील. चौकटबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, तरी ते कळले. प्रत्येक बोलीनंतर तेरातून वजाबाकी करण्याची सवय लावली की चौथा रंग आपोआप उघडा पडतो.

सांगणे कुठे थांबवायचे हेही ठरवावे लागते. जोडीदाराने एक बिनहुकूम म्हटले, तुमच्याकडे चार-तीन-तीन-तीन आणि ११-१२ गुण आहेत, तर चार पानांचा रंग मेजर असला तरी मी दोन किलवर विचारत नाही, सरळ तीन बिनहुकूम म्हणतो. कापायला छोटा रंगच नसल्याने हुकमाचा फायदा थोडा, आणि विचारणेच्या उत्तराने प्रतिस्पर्ध्यांना पहिले पान कोणते टाकावे याचा सुगावा मात्र लागतो.

सरावाला चौघे लागतातच असे नाही. दोघांनी तेरा-तेरा पाने घ्यावीत, बाकीची बाजूला ठेवावीत, तीन-तीन बोली कराव्यात, आणि मग प्रत्येकाने समोरच्याचा आकार कागदावर लिहून पाने उलगडून ताडून पाहावीत. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पाने वापरावीत. कागदी पाने दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि एखाद्याच्या हातात चौदा निघतात.