फोटो माझ्याकडे दिसतो, तुमच्याकडे का नाही? डॉक्युमेंटमधे चित्रं टाकताना या चुका टाळा

गुहागरला ओळखीच्या काकांचा होमस्टे आहे, त्याचं माहितीपत्रक दिवाळीआधी आम्ही तिघांनी मिळून केलं. पुतण्याकडे आयफोन, माझ्याकडे विंडोज, आणि काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स न लिबरऑफिस (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर). खोल्यांचे भाव सीझनप्रमाणे बदलतात म्हणून काकांना पीडीएफ नको होती, स्वतः बदलता येईल अशी फाईल हवी होती, आणि तिथेच सगळं अडलं. पुतण्याचा किनाऱ्याचा फोटो माझ्याकडे उघडेना, न माझा दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळांचा तक्ता काकांकडे गेल्यावर त्यातली मराठी अक्षरं पार विस्कटली.

फोटोचं कारण सोपं होतं. 2017 पासून आयफोन फोटो एचइआयसी नावाच्या फॉरमॅटमधे ठेवतो, जागा कमी लागते म्हणून, पण बऱ्याच विंडोज मशीनवर त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन टाकावं लागतं. फोनच्या सेटिंगमधे कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडलं की पुढचे फोटो जेपीजीच निघतात, आधी काढलेले मात्र बदलून घ्यावे लागतात.

इथे खूप जण काय करतात, फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. अहो नाव बदलून आतला माल बदलत नाही! ब्राउझरमधून सेव्ह केलेल्या वेबपी (वेबसाइटवर वापरतात तो फॉरमॅट) चित्राचंही तेच, लिबरऑफिसला ते 7.4 पासून, म्हणजे 2022 पासून उघडता येतं, त्याआधीच्या व्हर्जनला नाही. शंका आली तर फाईल नोटपॅडमधे उघडा, बाकी सगळा गिचमिडा दिसेल पण पहिल्याच ओळीत पीएनजी किंवा वेबपी अशी इंग्रजी अक्षरं सापडतात, तीच खरी ओळख.

आता तक्ता, यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. एक्सेलमधून कॉपी करून वर्डमधे चित्र म्हणून पेस्ट केलं की ते बरेचदा इएमएफ होऊन बसतं, हा विंडोजचा स्वतःचा फॉरमॅट, आणि त्यात अक्षरं चित्र म्हणून नसतात, अमुक फॉन्टमधलं अमुक अक्षर काढ अशी सूचना असते. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की इंग्रजी कसंतरी निभावतं, पण आपली जोडाक्षरं न वेलांट्या कुठच्या कुठे जातात. एसव्हीजी हा रेषांच्या सूचनांचा फॉरमॅट बऱ्याच ठिकाणी चालतो, पण फॉन्टची भानगड तिथेही आहेच, त्यामुळे इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमधे आधी ऑब्जेक्ट टू पाथ करून घ्या म्हणजे अक्षरांच्या रेषा होतात (मूळ फाईल वेगळी ठेवा, नंतर मजकूर बदलता येत नाही).

मी शेवटी तक्ता पीएनजी केला. जेपीजी का नाही? जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील गाळतो, समुद्र, माडाची झावळं यात ते डोळ्याला कळत नाही, पण पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की कडेला मळकट ठिपके येतात आणि परत परत सेव्ह केलं की वाढतात. तशा जेपीजीचा नंतर पीएनजी करून काही उपयोग नाही, गेलेला तपशील परत येत नाही, फाईल तेवढी फुगते. म्हणून फोटो जेपीजी, अक्षरं-रेषा-लोगो पीएनजी. छापायचं असेल तर 300 डीपीआय (इंचाला 300 पिक्सेल) धरा, 6 इंच रुंद तक्त्याला 1800 पिक्सेल लागतात.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

आणि एवढं करूनही चित्राजागी रिकामी चौकट दिसली तर ते चित्र फाईलमधे नाहीच, नुसती लिंक आहे, जी तुमच्या डी ड्राइव्हकडे बोट दाखवत बसलीय. लिबरऑफिसच्या एडिट मेनूत एक्स्टर्नल फाइल्सच्या लिंक्स दिसतात, तिथे ब्रेक लिंक केलं की चित्र आत येतं, पण हे मूळ फोटो ज्या मशीनवर आहे तिथेच करायचं, पाठवण्याआधी.